नवा सागरी एकपेशीय जीव: नमुन्यापासून वैध नावापर्यंत

नव्या जातीचे वर्णन अडते ते दर वेळी जीव जुना निघाला म्हणून नव्हे. मापे एका कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची), डीएनए दुसऱ्याचा आणि संग्रहालयात दिलेली काचपट्टी भलत्याच नमुन्याची, असा घोळ बरेचदा आधीच होऊन बसलेला असतो आणि शेवटी तो निस्तरता येत नाही. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. कोणते काम कशाच्या आधी करायचे हे चुकले, की उत्तम फोटोही वाया जातात. (पाठ्यपुस्तकांतल्या वापराप्रमाणे इथे जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस.)

१. आधी नियमावली आणि टाइप ठरवा

नावाचा विचार शेवटी करायचा, पण नावाच्या नियमांचा विचार जाळे पाण्यात सोडण्याआधीच करायला हवा. टाइप (नाव ज्याला कायमचे जोडले जाते तो जपलेला नमुना) म्हणून काय जपायचे हे नियमांवर ठरते आणि काय जपायचे यावर नमुना कसा घ्यायचा हे ठरते.

एकपेशीय जीवांना दोन नियमावल्या लागू होतात. डायटम, हॅप्टोफाइट आणि इतर शैवाले वनस्पतींच्या नियमावलीत येतात; तिची ताजी आवृत्ती, माद्रिद कोड, २०२५ साली आली. सिलिएट, फोरॅमिनिफेरा आणि रेडिओलॅरिया प्राण्यांच्या नियमावलीत मोडतात. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. डायनोफ्लॅजेलेट आणि युग्लिनासारखे गट दोन्हींकडून हाताळले गेले आहेत. जीव अशा सीमेवरच्या गटातला असेल, तर दोन्ही नियमावल्यांच्या अटी पुऱ्या करा. थोडे जास्त काम पडते, पण पुढे गटाची जागा बदलली तरी नाव टिकते.

वनस्पतींच्या नियमावलीत सर्वाधिक चुका होतात त्या या अटींत:

- १ जानेवारी २०१२ पासून वर्णन किंवा निदान (जीव इतरांहून कसा वेगळा ते सांगणारा मजकूर) लॅटिन अथवा इंग्रजीत असावे लागते. इतर भाषेतले वर्णन कितीही चांगले असले, तरी त्यावर नाव वैध ठरत नाही.
- १९९० पासून टाइप सांगताना ‘होलोटायपस’ किंवा ‘टायपस’ हा शब्द, अथवा त्याचा दुसऱ्या भाषेतला समानार्थी शब्द, आणि टाइप ज्या संस्थेत ठेवला आहे तिचे नाव, दोन्ही छापलेले असावे लागतात.
- जिवंत कल्चर टाइप होऊ शकत नाही. गोठवून चयापचय पूर्ण थांबवलेले कल्चर चालते, पण ते तसे कायमचे जतन केले आहे हे लेखात स्पष्ट लिहावे लागते.
- सूक्ष्म शैवालाचा नमुना टिकवणे खरोखर अशक्य असेल किंवा टिकवल्यावर लक्षणे दिसेनाशी होत असतील, तरच चित्र टाइप म्हणून चालते. वेळ नव्हता, हे कारण इथे बसत नाही.

प्राण्यांच्या नियमावलीत भाषेची अट नाही. पण केवळ ऑनलाइन निघणारा लेख प्रसिद्धीआधी झूबँकेत (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदवलेला असावा लागतो आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच छापलेला असावा लागतो. टाइप कोणता हे स्पष्ट शब्दांत नेमावे लागते. आजच्या प्रोटोझोआंसाठी हॅपॅन्टोटाइपचीही सोय आहे. त्यात जवळच्या नात्यातल्या, जीवनचक्राच्या वेगवेगळ्या अवस्थांतल्या पेशींच्या एक किंवा अधिक पट्ट्या मिळून एकच टाइप मानला जातो.

तपासा: ‘माझा टाइप काय असेल, तो कुठल्या संस्थेत जाईल आणि त्या संस्थेने होकार दिला आहे का?’ याचे उत्तर एका ओळीत लिहिता येत नसेल, तर पुढे जाऊ नका. नमुना घेण्याचे परवानेही याच वेळी मिळवा. जैविक साधनांच्या वापराबाबतचा नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. परवान्याविना गोळा केलेला स्ट्रेन (एका पेशीपासून वाढवलेला वंश) पुढे कल्चर संग्रह स्वीकारणार नाही.

२. नमुना घ्या आणि जागीच वाटून घ्या

२० मायक्रोमीटर छिद्रांचे जाळे मोठ्या डायनोफ्लॅजेलेट आणि डायटमसाठी ठीक आहे. त्याहून लहान पेशी त्यातून निसटतात आणि कवच नसलेल्या नाजूक पेशी जाळ्यावर फुटतात. अशांसाठी बाटलीने घेतलेले सबंध पाणीच हवे.

नमुना हातात आल्याबरोबर त्याचे चार भाग करा:

1. जिवंत भाग. बाटली अर्धीच भरा, उन्हापासून झाका आणि समुद्राच्या तापमानालाच ठेवा. काही तासांत सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे.
2. लुगॉल आयोडीन. १०० मिलीलीटर पाण्याला साधारण १ मिलीलीटर, पाणी सोनेरी-तपकिरी होईपर्यंत. अंधारात ठेवा आणि रंग फिका पडला की पुन्हा घाला.
3. ग्लुटारॅल्डिहाइड, अंतिम प्रमाण २ ते २.५ टक्के. हा भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी.
4. डीएनएसाठीचा भाग. फिल्टरवर घेऊन गोठवलेला किंवा ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवलेला.

सावधान: आम्लयुक्त लुगॉलमध्ये कोकोलिथ (पेशीवरच्या चुन्याच्या चकत्या) आणि चुन्याची कवचे विरघळतात; तिथे उदासीन किंवा अल्कधर्मी लुगॉल वापरा. लुगॉलने पेशीची स्वाभाविक चमक झाकली जाते, त्यामुळे हरितलवके पाहायची असतील तर तो भाग कामाचा नाही. फॉर्मेलिनमध्ये जाड कवचाच्या पेशी टिकतात, पण डीएनए खराब होतो आणि उघड्या कशाभिकाधारी (चाबकासारख्या धाग्याने पोहणाऱ्या) पेशींचा आकार बिघडतो. सगळा नमुना एकाच रसायनात बुडवणे ही या टप्प्यावरची सर्वांत महाग चूक.

तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, खोली, तापमान, क्षारता आणि साधन यांची नोंद तिथल्या तिथे करा. ‘किनाऱ्याजवळ, पृष्ठभागावर’ एवढ्यावर टाइपचे ठिकाण ठरत नाही.

३. एक पेशी, एक स्ट्रेन, एक क्रमांक

सगळ्या वर्णनाचा कणा हाच टप्पा आहे. पुढचा प्रत्येक फोटो, प्रत्येक माप आणि प्रत्येक डीएनए अनुक्रम या क्रमांकापर्यंत मागे नेता आला पाहिजे.

काचेचे पिपेट ज्योतीवर ओढून केशनलिका बनवा. तिचे तोंड पेशीच्या काही पट रुंद असू द्या. फार अरुंद असेल तर कवच तडकते. उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी उचला आणि ०.२ मायक्रोमीटर फिल्टरमधून गाळलेल्या समुद्रपाण्याच्या किमान पाच-सहा थेंबांतून एकेक करून धुवा. प्रत्येक थेंबात ती एकटीच आहे का ते पाहा. शेवटच्या थेंबातही दुसरे काही वळवळताना दिसले, तर ती पेशी सोडा आणि नवी उचला.

धुतलेली पेशी ९६ खाचांच्या प्लेटमध्ये ठेवा. एफ/२ हे पोषक माध्यम सर्वांच्या सवयीचे असले, तरी खुल्या समुद्रातल्या पेशींना ते फार जड पडते. दहा पट पातळ एफ/२० किंवा के माध्यमापासून सुरुवात करा. डायटम असतील तर सिलिकेट घालायला विसरू नका. तापमान गोळा केलेल्या पाण्याच्या आसपास ठेवा. उजेड सुरुवातीला मंद, म्हणजे चौरस मीटरला सेकंदाला २० ते ५० मायक्रोमोल फोटॉन, असू द्या आणि वाढ दिसल्यावर वाढवा.

प्रकाशसंश्लेषण न करणाऱ्या जातीला खाद्य लागते: जिवाणू, लहान कशाभिकाधारी किंवा दुसरे शैवाल. खाद्यजीवाचे वेगळे कल्चर शेजारी चालू ठेवा आणि त्याचा डीएनएही वाचून ठेवा. एरवी डीएनएवरून काढलेल्या नात्यांच्या झाडावर तुमच्या जीवाच्या जागी त्याचे खाद्य जाऊन बसते.

कल्चर होतच नसेल, तर एकेका पेशीवर काम करा. जिवंत पेशीचे फोटो आणि मोजमाप घ्या, तीच पेशी धुऊन छोट्या नळीत टाका आणि नळीवर फोटोचाच क्रमांक लिहा. फोरॅमिनिफेराच्या बाबतीत डीएनए काढताना कवच गमावण्याची भीती असते. ग्वानिडीन असलेल्या बफरने चुन्याचे कवच बरेचदा शाबूत राहते, म्हणून ते पुन्हा उचलून जपा.

तपासा: किमान दोन, शक्य तर तीन स्वतंत्र स्ट्रेन तयार आहेत का? एकाच स्ट्रेनवर उभ्या केलेल्या जातीत जातीचे लक्षण कोणते आणि त्या एका क्लोनची खोड कोणती हे सांगता येत नाही.

४. जिवंत पेशी पाहा, मगच रसायन लावा

पोहण्याची पद्धत, कशाभिका किती आणि कुठून निघतात, पेशी लवचीक आहे की ताठ, लवकांचा रंग कोणता: हे सगळे फक्त जिवंत पेशीत दिसते. आधी व्हिडिओ घ्या, मग फोटो, मग माप. रसायनात ठेवलेल्या पेशी आक्रसतात किंवा फुगतात, म्हणून जिवंत आणि जतन केलेल्या पेशींची मापे एकाच तक्त्यात मिसळू नका.

प्रत्येक वस्तुभिंगासाठी स्टेज मायक्रोमीटरने मोजपट्टी जुळवा. किमान ३० पेशी मोजा आणि त्या जोमाने वाढणाऱ्या कल्चरमधल्या घ्या. माप असे लिहावे: ‘लांबी १८.२ ते २४.६ मायक्रोमीटर, सरासरी २१.३, प्रमाण विचलन १.७, पेशी ३०, कल्चरचा सातवा दिवस, तापमान २२ अंश सेल्सिअस’. यातला प्रत्येक तुकडा पुढच्या अभ्यासकाला लागतो. नुसते ‘सुमारे २० मायक्रोमीटर’ असेल, तर शेजारच्या जातीशी तुलनाच होत नाही.

डायटमच्या मापांना एक खास धोका आहे. बहुतेक डायटम विभाजनागणिक लहान होत जातात आणि लैंगिक पुनरुत्पादनानंतर मूळ आकाराला येतात. जुन्या कल्चरची लांबी मोजून ‘लहान आकाराची नवी जाती’ जाहीर करणे म्हणजे तोच जीव दुसऱ्यांदा बारशाला बसवणे. लांबीपेक्षा १० मायक्रोमीटरमधल्या रेषांची संख्या जास्त भरवशाची आहे. निसर्गातल्या पेशी आणि कल्चरमधल्या पेशी, दोन्ही मोजा.

निळ्या प्रकाशात हरितलवके लाल चमकतात, डीएपीआय या रंगाने केंद्रक दिसते आणि कॅल्कोफ्लूअर या रंगाने डायनोफ्लॅजेलेटच्या कवचातल्या तबकड्या उठून येतात. पण चमक दिसली म्हणजे लवक पेशीचे स्वतःचे आहे असे नाही. २००७ साली वर्णिलेल्या पिकोबिलिफाइट या अतिसूक्ष्म सागरी गटाला अशाच चमकेवरून प्रकाशसंश्लेषी मानले गेले होते. २०११ मध्ये एकेका पेशीच्या जनुकसंचाचा अभ्यास झाला, त्यात लवकाचा पुरावा मिळाला नाही. २०१३ मध्ये कल्चरवरून पिकोमोनास जुद्रास्केडा या जातीचे रीतसर वर्णन झाले आणि गटाला पिकोझोआ हे नाव मिळाले. पेशी काही दिवस उपाशी ठेवून चमक जाते का, आणि पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छेदात लवकाभोवती किती पटले आहेत, हे पाहिल्याशिवाय ‘प्रकाशसंश्लेषी’ हा शब्द लिहू नका.

आणखी एक फसगत जीवनचक्राची. अनेक हॅप्टोफाइटमध्ये दोन अवस्थांच्या पेशींवर वेगवेगळ्या घडणीचे कोकोलिथ असतात आणि अशा जोड्यांना पूर्वी दोन स्वतंत्र जातींची नावे दिली गेली आहेत. डायनोफ्लॅजेलेटच्या तळाशी बसणाऱ्या सिस्टांचेही (सुप्त, कवचबंद पेशींचेही) तसेच: सिस्टाला एक नाव, पोहणाऱ्या पेशीला दुसरे. वेगळा आकार दिसला की आधी अवस्था बदलली आहे का ते तपासा.

५. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक: मीठ आणि घाई टाळा

पृष्ठभाग पाहायचा तर पेशी फिल्टरवर घ्या, समुद्रपाण्याकडून शुद्ध पाण्याकडे टप्प्याटप्प्याने धुवा, मग ३०, ५०, ७०, ९०, १०० टक्के इथेनॉलमधून न्या आणि क्रिटिकल पॉइंट पद्धतीने किंवा एचएमडीएस या रसायनाने वाळवा. धुणे अपुरे राहिले तर मिठाचे स्फटिक नेमके तबकड्यांच्या सांध्यांवर बसतात. एकदम शुद्ध पाण्यात टाकले तर नाजूक पेशी फुटते.

पातळ छेदांसाठी बफरची परासरणीयता (विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण) समुद्रपाण्याशी जुळवा, गरज पडल्यास साखर घालून. हे न केल्याने झालेली सुजलेली लवके पुढे ‘वैशिष्ट्य’ म्हणून छापली जाऊ शकतात.

गटागटाची गरज वेगळी आहे. डायटमचे सेंद्रिय द्रव्य आम्लाने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने काढून, पाणी उदासीन होईपर्यंत धुऊन, जास्त अपवर्तनांकाच्या माध्यमात पट्टी करा. सिलिएटला प्रोटार्गोल हा चांदीचा रंग द्या, एरवी पक्ष्माभिकांची मांडणी दिसत नाही. डायनोफ्लॅजेलेटच्या तबकड्या कोफॉइड पद्धतीने (तबकड्यांना ओळींप्रमाणे क्रमांक देण्याच्या रीतीने) मोजा आणि दोन पेशींत संख्या वेगळी आली, तर ती लपवू नका. किती पेशींपैकी किती, ते लिहा.

६. डीएनए आणि झाड

एकच जनुक वाचून थांबू नका. १८एस, हे सुमारे १८०० बेसचे राइबोझोमचे जनुक, जीव कुठल्या मोठ्या गटात बसतो ते सांगते, पण जवळच्या दोन जाती त्यात अनेकदा सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करायला २८एस या दुसऱ्या राइबोझोम जनुकाचा डी१ ते डी३ भाग आणि या जनुकांमधला आयटीएस हा तुकडा लागतो. डायटमसाठी आरबीसीएल हे लवकातले जनुकही उपयोगी. ‘इतके टक्के फरक म्हणजे नवी जाती’ असा आकडा दोन्ही नियमावल्यांत नाही. गटात आधीपासून मान्य असलेल्या जातींमध्ये किती फरक आहे, त्याच्याशीच तुलना करा.

झाडासाठी अनुक्रम निवडताना फक्त ब्लास्ट शोधात (अनुक्रम जुळवणाऱ्या साधनात) वर आलेले दहा उचलू नका. प्रजातीची टाइप जाती (जिच्यावर प्रजातीचे नाव टेकलेले असते ती), शेजारच्या प्रजातींचे प्रतिनिधी, पर्यावरणातून मिळालेले निनावी अनुक्रम आणि दोन-तीन बाह्य गट घ्या. पीआर२ हा प्रोटिस्टांचा अनुक्रमसंग्रह यासाठी उत्तम. संरेखन डोळ्यांनी तपासा, मग मॅक्सिमम लाइकलिहूड आणि बेझियन, दोन्ही पद्धतींनी झाड काढा आणि फांद्यांवर दोन्हींचे आधार लिहा.

सावधान: पेशीत राइबोझोमच्या जनुकांच्या अनेक प्रती असतात आणि डायनोफ्लॅजेलेटमध्ये त्या एकमेकींपेक्षा वेगळ्याही निघतात. एका प्रतीतल्या फरकावर जाती उभी करू नका. झाडात तुमचा जीव एकटाच लांब फांदीवर लटकत असेल, तर नव्या कुळाची घोषणा करण्याआधी दूषित किंवा जोडअनुक्रम (दोन जीवांचे तुकडे जुळून बनलेला) नाही ना ते पाहा.

तुमच्या १८एसमधला व्ही४ किंवा व्ही९ भाग तारा ओशन्ससारख्या, २००९ ते २०१३ दरम्यान पाणी गोळा केलेल्या मोहिमांच्या माहितीत शोधला, तर प्रसाराचा अंदाज येतो. मात्र इतक्या आखूड तुकड्याच्या जुळणीवरून ‘ही जाती तिथे सापडते’ असे लिहू नका. ‘जुळणारा अनुक्रम मिळाला’ एवढेच लिहा.

७. जुन्या नावांशी सामना

हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे. प्रजातीतल्या प्रत्येक वर्णित जातीचे मूळ वर्णन काढा, अलीकडच्या सारांशावर विसंबू नका. जुन्या वर्णनांत डीएनए नसतो, कधी एक रेखाचित्र आणि चार ओळीच असतात. तरीही अग्रहक्क त्या नावाचाच. तुमची लक्षणे त्या चित्राशी जुळत असतील, तर नव्या जातीऐवजी जुन्या नावाला आधुनिक पुराव्याची जोड देणे, गरजेप्रमाणे एपिटाइप (अपुऱ्या जुन्या टाइपला आधार देणारा नमुना) नेमणे, हे जास्त मोलाचे काम आहे.

तुलनेचा तक्ता करा: आडव्या ओळीत लक्षणे, उभ्या रकान्यात जाती. माहिती नसेल तिथे ‘वर्णित नाही’ लिहा. रिकामी चौकट ‘लक्षण नाही’ अशी वाचली जाते.

तपासा: तक्त्यात किमान एक आकाराचे लक्षण आणि एक जनुकीय लक्षण असे आहे का, जे तुमच्या सर्व स्ट्रेनमध्ये आहे आणि शेजारच्या एकाही जातीत नाही? आकाराचे लक्षण नसेल, तरी छुपी जाती म्हणून वर्णन करता येते, पण मग वेगळेपण नेमक्या कोणत्या जनुकाच्या कोणत्या भागावर टेकले आहे ते निदानातच सांगा.

८. नाव, निदान, टाइप

विशेषणाचे लिंग प्रजातीच्या नावाशी जुळवा. ‘-डिनियम’ नपुंसकलिंगी आहे, ‘-मोनास’ स्त्रीलिंगी. म्हणून ठिकाणावरून आलेले ‘-एन्सिस’ हे रूप अलेक्झांड्रियमसारख्या नपुंसकलिंगी नावामागे ‘-एन्से’ होते. प्रजाती आणि जातीचे नाव एकच ठेवणे प्राण्यांच्या नियमावलीत चालते, वनस्पतींच्या चालत नाही. निवडलेले नाव दोन्हींकडे आधी वापरलेले नाही ना, ते अल्जीबेस आणि वर्म्स या नावांच्या ऑनलाइन सूचींत शोधा. नवी प्रजाती करत असाल, तर तिची टाइप जाती स्पष्ट नेमा.

निदान आणि वर्णन वेगळे ठेवा. निदानात फक्त वेगळेपण, पाच-सहा ओळींत. वर्णनात बाकी सगळे. त्याखाली याच क्रमाने: होलोटाइप (नावाचा मुख्य टाइप) आणि त्याचा संग्रह क्रमांक, आयसोटाइप (त्याचीच जोडप्रत), टाइपचे ठिकाण, ज्यातून टाइप बनवला तो स्ट्रेन, अनुक्रमांचे क्रमांक, नावाची व्युत्पत्ती.

होलोटाइप म्हणून एकच वस्तू सांगा: एक पट्टी, एक स्टब (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना चिकटवायची बैठक) किंवा एक रेझिन ठोकळा. वनस्पतींच्या नियमावलीखाली ‘होलोटाइप: पट्टी आणि स्टब’ असे लिहिले, की टाइप नेमका कोणता यावर नावच अडकू शकते. पट्टीवर अनेक जातींच्या पेशी असतील, तर होलोटाइपची पेशी वर्तुळ करून तिची जागा लिहा.

सावधान: प्रबंधात, परिषदेच्या पोस्टरवर किंवा प्रीप्रिंटमध्ये नवे नाव छापू नका. तिथे ते बहुधा वैध होत नाही, पण लोक वापरू लागतात. तोवर स्ट्रेनचा क्रमांक वापरा.

९. जमा करणे आणि नंतरची कामे

जिवंत स्ट्रेन किमान दोन कल्चर संग्रहांत द्या. ओबानचा सीसीएपी, रॉस्कॉफचा आरसीसी आणि बिगेलो प्रयोगशाळेतला एनसीएमए हे सागरी सूक्ष्मजीवांचे मोठे संग्रह आहेत. एकाच फ्रीजमध्ये किंवा एकाच इन्क्युबेटरमध्ये ठेवलेला स्ट्रेन एका बिघाडात कायमचा जातो. अनुक्रम जेनबँक, ईएनए किंवा डीडीबीजे या सार्वजनिक अनुक्रमसंग्रहांत आधीच टाका, म्हणजे क्रमांक छपाईच्या प्रतीत येतात. प्राण्यांच्या नियमावलीखालचे नाव झूबँकेत आणि शैवालाचे फायकोबँकेत नोंदवा.

छपाईपूर्व प्रत आली की फक्त टाइपचा परिच्छेद घेऊन बसा. स्ट्रेनचा क्रमांक मजकुरात, चित्रांच्या ओळींत, तक्त्यात, झाडावर आणि संग्रहाच्या पावतीवर अक्षरशः एकसारखा आहे का, ते एकेक करून ताडून पाहा.

लेख प्रसिद्ध झाल्यावर जेनबँकेतल्या स्वतःच्या नोंदी उघडा. तिथे तुमचा जीव अजून प्रजातीच्या नावापुढे नुसता ‘एसपी.’ (जाती न ठरलेला) म्हणून पडलेला असतो. नवे नाव, टाइपचा दर्जा आणि स्ट्रेन तिथे दुरुस्त करून घ्या. पुढच्या अभ्यासकाच्या शोधात सर्वांत आधी ती नोंदच येते.